एका धुऱ्यावरून दोन फोटो

मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनची मेमरी भरली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावर काहीतरी पडलं होतं, त्याचा फोटो कृषी केंद्रवाल्याला पाठवायचा होता, आणि फोन म्हणे जागा नाही. मग धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, निंबाखाली बसून एकेक जुना फोटो उडवायला लागलो. चिखलदऱ्याच्या धुक्याचे साठ-सत्तर होते, ते दोन मिनिटांत गेले. लोणारचे नव्वद होते, त्यातले दोन ठेवले. मग आमच्या कोठ्यातल्या गव्हाणीचा फोटो आला. बैलांच्या गळ्यानं वर्षानुवर्षं घासून तिची लाकडी कड इतकी गुळगुळीत झालेली, की दारातून आलेला उजेड तिच्यावर तुपासारखा पसरला होता. बोट डिलीटवर गेलं आणि तिथंच राहिलं. पुढं एका अर्धवट फुटलेल्या बोंडाशी राहिलं, तिफणीच्या रुमण्याशी राहिलं, आजीच्या पाटा-वरवंट्याशी राहिलं.

चिखलदऱ्याला मी तीनदा पेट्रोल जाळत गेलो होतो. गव्हाण घरापासून वीस पावलांवर होती.

नवा फोन किंवा पहिला कॅमेरा घेतलेली गावाकडची पोरं मला नेहमी विचारतात, की फोटो काढायला जायचं कुठं? प्रश्नात धरलेलंच असतं की इथं काही नाही. आपल्या विदर्भाच्या बहुतेक भागाला खरंच डोंगर नाहीत. सातपुडा उत्तरेला, अजिंठ्याची रांग बुलढाण्याकडे, जंगल पूर्वेला, आणि मधली पूर्णा-वर्धेची खोरी सपाट. वावर, त्यापलीकडे वावर, मध्ये एखादी बाभूळ. म्हणून पहिली सुटी मिळाली की सगळे पॉइंटवर जातात. जावं, मीही जातो. पण आपल्याला नेमकं काय पाहायला आवडतं, अख्खा पसारा की त्यातली एक वस्तू, हे आधी कळलं तर पेट्रोल वाचतं आणि फोटोही सुधारतात. ते कसं शोधायचं, ते मी केलं त्या क्रमानं सांगतो.

पहिलं काम: जुनं गाठोडं सोडा

नवीन फोटो काढू नका. आहेत त्यातलेच ऐंशी-शंभर बाजूला काढा. लग्नातले, वाढदिवसातले, आधार कार्डाचे वगळा. आता मेमरी भरली आहे असं समजा आणि त्यातले फक्त वीस ठेवा. कुणाला किती आवडले, कशावर किती अंगठे आले, ते आठवायचं नाही. हे करताना कुणाला सोबत बसवू नका. घरचे लोक ओळखीचा चेहरा असलेला फोटो चांगला म्हणतात, मित्र धबधबा असलेला चांगला म्हणतात. त्यांची चूक नाही, पण तुमच्या आवडीचा शोध तिथंच संपतो.

राहिलेले वीस तालुक्याच्या ठिकाणच्या स्टुडिओत छापून आणा, चार बाय सहा इंचात. स्क्रीनवर आपण फोटो सरकवतो. कागदावर तो समोर पडून राहतो, म्हणून हा खर्च करा. दुपारी खाटेवर किंवा ओसरीत सगळे मांडा आणि पुढच्या गोष्टी बघा. कितीमध्ये आभाळ दिसतं? कितीमध्ये जमीन-आभाळाची रेघ आहे? फोटो काढताना तुम्ही त्या वस्तूपासून किती दूर उभे होता, दहा पावलं, शंभर पावलं, की हातभर? माणूस असेल तर अख्खा आहे, की नुसते हात, पाठ, टाचा?

माझ्या वीसपैकी पंधरांत आभाळच नव्हतं, आणि हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी स्वतःला निसर्गदृश्यं काढणारा समजत होतो, तसं सगळ्यांना सांगतही होतो.

दुसरं काम: एक धुरा, एक महिना

जुने फोटो अर्धंच सांगतात, कारण ते जिथं जाणं झालं तिथले असतात. म्हणून आता एकच जागा धरा. घरापासून चालत जाता येईल असा एक धुरा, नाल्याचा काठ, गोठाण, किंवा भंडारा-गोंदियाकडचे असाल तर मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ. महिनाभर, जमेल त्या दिवशी, त्याच जागेवरून फक्त दोन फोटो काढायचे. एक उभं राहून, जेवढं दिसतं तेवढ्याचा. दुसरा बसून, हात पोहोचेल एवढ्या अंतरातल्या कशाचाही. दोनच. वीस काढून त्यातून दोन निवडायचे नाहीत. त्यात डोळा आळशी होतो.

वेळ सकाळची धरा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही आधी. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी सांगितलेल्या वेळा घेऊन निघालात तर सोनेरी उजेड गेलेला असतो. जानेवारीत सात वाजायच्या आत धुऱ्यावर असा, मे महिन्यात साडेपाचला. उन्हाळ्यातली दुपार विसरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या बाजूला सूर्य बारा-सव्वाबाराच्या दरम्यान अगदी डोक्यावर येतो. खांबाला सावली नसते आणि ढेकळालाही नसते. सावली नाही तर ढेकळाचा आकारही नाही, फोटोत नुसता डाग येतो.

घरी आल्यावर वहीत एकच ओळ लिहा, दोघांपैकी कुठला फोटो काढताना वेळेचं भान गेलं? कुठला चांगला आला, हे लिहायचं नाही. चांगला येणं हा हातांचा भाग आहे, तो शिकता येतो. भान जाणं शिकवता येत नाही.

एक सूचना, आणि ती गमतीत घेऊ नका. धुऱ्यावर बसण्याआधी काठीनं गवत झोडपा, पायात बूट घाला. घोणस तिथंच असते आणि ती सरकून जात नाही, पडून राहते. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत दोन-तीन दिवस शिरायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार कुठून गेली आहे, ते वावराच्या मालकाला आधी विचारा. बोंडाकडे बघत मागे सरकणाऱ्याला तार दिसत नाही.

लोक हसतील, तीही तयारी ठेवा. मी पहिल्या आठवड्यात एका ढेकळासमोर उकिडवा बसलो होतो. शेजारचे काका बैलबंडी थांबवून म्हणाले, "काय हारपलं बा तुयं? पैसे-गिसे पडले का?"

"नाई काका, फोटो काढून राह्यलो."

"कायचा?"

"ढेकळाचा."

काकांनी ढेकळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग ढेकूळच घेऊन जा ना घरी. फोटो कायले?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मोठं दृश्य

सपाट मुलखात मोठं दृश्य काढणं डोंगरापेक्षा अवघड आहे. डोंगर फोटोची चौकट आपोआप भरतो, आपल्याकडे चौकट रिकामी राहते. नवा माणूस लगेच फोनमधली ०.५ ची रुंद लेन्स लावतो, सगळं मावावं म्हणून. त्यात सगळं मावतं आणि काहीच दिसत नाही. दूरची झाडं दातात अडकलेल्या काडीएवढी होतात. उलट करा. १ वर ठेवा, नाहीतर २ वर जा. दूरचं निंबाचं झाड, त्यामागची बंडी आणि तिच्यामागचं गाव एकमेकांजवळ आल्यासारखं दिसतं आणि मैदानाला खोली येते.

जमीन-आभाळाची रेघ मधोमध टाकू नका. आज आभाळात काय आहे आणि जमिनीत काय आहे, हे विचारा, आणि ज्यात काही आहे त्याला दोन तृतीयांश जागा द्या. डिसेंबरात आभाळ कोरं असतं, तेव्हा त्याची फक्त एक पट्टी ठेवा आणि खाली तुरीचा पिवळा फुलोरा, हरभऱ्याच्या ओळी येऊ द्या. मृग लागता लागता, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, हेच उलटं होतं. जमीन वखरून काळी सपाट पडलेली, आणि पश्चिमेकडून आभाळ चढत येतं. मी लहान गोष्टींचा माणूस, पण त्या पंधरा दिवसांत मलाही खाली बघवत नाही.

लोणारबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथं सगळ्यांचा एकाच पद्धतीनं पोपट होतो. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं की डोळा डावीकडून उजवीकडे फिरतो, मान फिरते, आणि त्या फिरण्यातून ते केवढं आहे हे अंगाला कळतं. फोटोत मान फिरत नाही. पॅनोरमा काढला तर काठ वाकतो आणि विवर एखाद्या बशीसारखं दिसतं. शिवाय त्यात मोजायला काहीच नसतं. पाणी, झाडी, उतार, बस. घरी दाखवलं तर लोक विचारतात, हे कुठलं तळं? म्हणून चौकटीत माप ठेवा. काठावरच्या वाटेनं चालणारा माणूस, उतारावरचं एखादं देऊळ, काहीतरी ज्याची उंची डोळ्याला माहीत आहे. सकाळी ऊन तिरपं असताना जा, म्हणजे उतारावरच्या घळींमध्ये सावली भरते आणि खोली दिसते. हे अभयारण्य आहे, तेव्हा तिथले नियम पाळा, वाट सोडून खाली धावू नका.

२०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. खारं पाणी आटून आणखी खारं झालं की त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं होतं. तेव्हा माझ्या फोनवर एकाच काठावरून काढलेली गुलाबी बशी पन्नास वेळा तरी येऊन गेली. पाण्याच्या कडेशी बसून कुणी ओंजळभर पाणी काढलंय, असा एकही फोटो माझ्यापर्यंत आला नाही. रंगाची गंमत मला तिथंच असावी असं वाटत राहिलं.

चिखलदऱ्याचं थोडक्यात: धुकं सगळं झाकतं, तेव्हा पॉइंटवरून दरीचा हट्ट धरू नका. धुक्यात कॅमेरा फोटो काळवंडून काढतो, उजेड थोडा वाढवा. आणि कंटाळा आला तर तिथल्या कॉफीच्या झुडपांत शिरा. आपल्याकडे कॉफी दुसरीकडे कुठं दिसायची नाही, आणि ओल्या पानावरचा उजेड धुक्यात फार सुंदर पडतो.

बसून पाहिलं की

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, त्यामुळे तो लांबणार.

विदर्भात छायाचित्रण शिकायला निसर्गानंच दोन धडे ठेवले आहेत, पांढरा कापूस आणि काळी माती. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडी असणार, असं तो गृहीत धरतो. जाणकार याला १८ टक्के राखाडी म्हणतात. त्यामुळे चौकटभर कापूस घेतला की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, आणि फोटोत तो मळका, जुन्या गादीतल्यासारखा येतो. चौकटभर काळी माती घेतली की तो तिला उजळवतो, आणि आपली काळीभोर जमीन सिमेंटसारखी दिसते. कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायचं अधिक-उणे चिन्ह असतं. कापसाला ते अधिक ०.७ ते १ करा, मातीला उणे ०.७ ते १. फोनमध्ये वस्तूवर बोट दाबून धरलं की चौकोन पक्का होतो आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. कापसासाठी तो सूर्य थोडा वर, मातीसाठी थोडा खाली. नव्या फोनचं डोकं थोडं हुशार झालंय, तो पुष्कळदा स्वतःच सावरून घेतो, पण विश्वास ठेवू नका, तपासा.

बोंडाचा फोटो दुपारी काढला तर कापूस नुसता पांढरा ठिपका होतो. धागा दिसायचा असेल तर ऊन बाजूनं आलं पाहिजे. सकाळी, दव असताना, एकेक तंतू वेगळा दिसतो. वाळलेल्या बोंडाच्या कवचाची टोकं अणकुचीदार असतात. वेचणाऱ्या बायांच्या बोटांवरचे ओरखडे त्याच टोकांचे. दिवाळीच्या आगेमागे, सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू झाली की ओटीत कापूस आणि कापसात ती बोटं, असा फोटो समोर असतो. पण तो विचारून काढा, आणि नंतर छापून नेऊन द्या. मी एकदा न विचारता काढला होता. त्या बाईनं काही म्हटलं नाही, फक्त हात पदराखाली घेतले. तो फोटो माझ्याकडे नाही.

अंतराचं गणित: वस्तूच्या जितकं जवळ जाल तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ होत जातो. हातभर अंतरावर तो बोटा-दोन बोटांचा उरतो, त्याहून जवळ गेलात तर नखाएवढा. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/८ ठेवा. फोनमध्ये वेगळीच भानगड आहे. मुख्य लेन्सला फार जवळचं स्पष्ट दिसत नाही, म्हणून अगदी जवळ गेलात की पुष्कळ फोन गुपचूप रुंद लेन्सवर उडी मारतात. मग कडा वाकतात, आणि वर तुमच्याच हाताची सावली फुलावर पडते. त्यापेक्षा वीतभर मागे या आणि २ वर काढा. सावलीही जाते, आकारही सरळ राहतो. वाऱ्याशी भांडू नका. रोपटं हलतं तेव्हा थांबा, दोन झुळुकांच्या मध्ये ते एक क्षण स्थिर होतं.

आता काय काढायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा लांबून पेटलेलं रान सगळेच काढतात. एक फूल हातात घ्या. देठाजवळचा पेला काळपट मखमलीचा आहे. तो काळा नसता तर तो शेंदरी इतका भडकला नसता, हे दहा पावलांवरून कळत नाही. मोहाचं फूल पहाटे गळतं, फिकट, रसानं भरलेलं, झाडाखाली झाडून साफ केलेल्या जागेवर पडलेलं. ते वेचणारी माणसं उजाडायच्या आधी येतात, तेव्हा त्यांच्या कामाच्या आड येऊ नका. पावसाळा सरता सरता सागाची पानं अळी खाऊन टाकते, हिरवं सगळं फस्त, शिरा मात्र शाबूत. पान चाळणीसारखं उरतं. ते आभाळासमोर धरा आणि काढा. सोयाबीनच्या शेंगेवर बारीक लव असते, ती फक्त मागून ऊन आलं तरच दिसते, आणि दिसली की शेंगेभोवती चांदीची कड उठते. दिवसभर सोयाबीन पाहणाऱ्या शेतकऱ्यानंही माझ्या फोनवर ती लव पाहून विचारलं होतं, हे कोणत्या कंपनीचं बियाणं?

पोळ्याचं उदाहरण देतो. तोरणाखाली बैल उभे राहतात, झुली, बेगडं, रंगवलेली शिंगं, आणि शंभर फोन वर. तो फोटो तुम्हीही काढा, आठवण असते. पण आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू ज्या खांद्यावर वर्षभर बसलं, तो खांदा हळद-तुपानं चोळतात आणि बैलाला म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." कोठ्यात एकच पिवळा बल्ब, हळदीनं माखलेला तळवा, आणि जुवानं घट्टे पडलेलं कातडं. सगळा पोळा मला त्या तळहाताएवढ्या जागेत दिसतो. फ्लॅश लावू नका, बैल बिचकतो आणि मालकही. दाराच्या चौकटीला टेकून हात स्थिर करा आणि फोनचा रात्रीचा मोड वापरा.

हे वाचून कुणी म्हणेल, लहान गोष्टी काढणं म्हणजे जमत नाही त्यानं शोधलेली पळवाट. मला तसं म्हटलं गेलं आहे. त्यांच्यासाठी एक जुनी हकिकत. अमेरिकेत १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला काही छायाचित्रकारांनी एक गट केला, नाव ठेवलं एफ/६४, कारण त्या बारीक छिद्रातून जवळचं-दूरचं सगळं लख्ख येतं. त्यात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स होते, ज्यांचे योसेमिटीच्या दऱ्या-कड्यांचे फोटो जगभर गेले. आणि त्याच गटात एडवर्ड वेस्टन होते, ज्यांनी १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. ती मिरची बघताना माणसाची वळलेली पाठ आठवते. डोंगरवाला आणि मिरचीवाला एकाच गटात होते, आणि कुणी कुणाला पळपुटा म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पुढं एलियट पोर्टर आले. शिक्षणानं डॉक्टर, पण आयुष्य गेलं पानं, शेवाळ, ओढ्यातले दगड आणि पक्षी रंगीत टिपण्यात. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्यांचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावाचा अर्थच 'जिव्हाळ्याची निसर्गदृश्यं' असा होतो. आपल्याकडे बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट साठच्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या रांगोळ्या, लिंपलेल्या भिंती, गोंदण कॅमेऱ्यात जपत आले. गोंदण म्हणजे तर हातभर अंतराचीच गोष्ट.

भेगांचा फोटो

लहान गोष्टींच्या बाजूनं एवढं बोललो, आता त्यांचा दोषही सांगतो.

विदर्भात बाहेरून येणारा कॅमेरा हमखास एक फोटो काढतो, भेगाळलेली काळी जमीन. खाली मथळा, दुष्काळ. पण काळ्या मातीतल्या चिकणमातीचा स्वभावच असा, की ओल मिळाली की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही मार्च-एप्रिलमध्ये वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे लहानपणी त्यात गोट्या हरवायच्या. जाणते शेतकरी तर म्हणतात, भेगा पडल्या की जमीन आपोआप नांगरली जाते. म्हणजे त्या फोटोतली भेग खरी, मथळा खोटा. दोन पावलं मागं घेऊन फोटो काढला असता तर शेजारचा हिरवा मळा, विहीर, कदाचित संत्र्याची बाग दिसली असती.

जवळचा फोटो आजूबाजूचं कापून टाकतो, त्याची ताकद तीच आणि लबाडीही तीच. म्हणून दोन फोटोंचा नियम मी नवख्यांना सोडू देत नाही. जवळचा काढलात तर त्याच जागेचा एक लांबचा स्वतःजवळ ठेवा. दाखवायची गरज नाही. मथळा लिहिताना तो उघडून बघा.

सामान

यावर मी फार बोलणार नाही, कारण लोक याच्यावरच बोलत बसतात. आहे तो फोन पुरतो. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स साधारण वीतभर अंतरापर्यंत स्पष्ट पकडते, त्यावर दोन वर्षं काढा. मॅक्रो लेन्स नंतर. उजेड मऊ करायला पांढरं उपरणं दोघांनी वस्तूवर धरा. सावलीत उजेड फेकायला खताची पांढरी पोती उलटी करून वापरा, किंवा स्टीलचं ताट, पण ताटाचा उजेड कडक पडतो. स्टँडऐवजी किलो-दीड किलो सोयाबीन भरलेली कापडी थैली धुऱ्यावर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा बसवा, हलत नाही. संत्र्याच्या बागेत नेहमी जात असाल तर पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायची फिरती काच, घ्या. तो फिरवला की पानांवरची चकाकी उतरते आणि खालचा गर्द हिरवा रंग वर येतो. हा एवढा एकच खर्च मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

महिन्यानंतर

वहीतल्या ओळी मोजा. वीस दिवसांत पंधरा वेळा एकाच बाजूचं नाव असेल तर तुमचा कल कळला. दहा-दहा असेल तर आणखी एक महिना, पण ऋतू बदलू द्या. उन्हाळ्यात सगळेच खाली बघतात, कारण वर बघवत नाही.

कल कळल्यावर सहा महिने फक्त तेच काढा. मोठं आवडणाऱ्यानं एकच रस्ता, एकच तलाव वेगवेगळ्या आभाळाखाली. लहान आवडणाऱ्यानं एकच कोठा, एकच झाड. मग पुन्हा एकदा वीस फोटो छापून खाटेवर मांडा, जुन्या विसांच्या शेजारी. माझ्या जुन्या विसांत फुलं जास्त होती, नव्यात माणसाच्या हातानं झिजलेल्या वस्तू. हे मी ठरवलेलं नव्हतं.

माझ्या आतेभावानं हाच महिना केला, अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात, आणि तो निघाला पक्का लांबचा माणूस. त्याला झाडाचं पान दाखवलं तर तो पानामागचं आभाळ बघतो. आम्ही अजून सोबतच जातो. गेल्या रविवारी वर्धेच्या काठाला होतो. तो बांधावर उभा, मी खाली रेतीत पोटावर. तासाभरानं वरून आवाज आला, "काय सापडलं बे?"

"शिंपला हाये एक. उघडा. आत पाणी अन् पाण्यात ऊन. तुयं?"

"माह्यं अजून काई नाई. तो ढग येऊन राह्यला, पाच मिनिटं थांब."

शिंपल्यातलं पाणी आटलं, तरी तो ढग यायचाच होता.